पदराखालची शेंगमाळ

चातुर्मासात कोणाविषयी वाईट बोलायचं नाही, असा नेम दीपमालाने आषाढी एकादशीला देवापुढे पाणी सोडून घेतला, आणि त्याच आठवड्यात तिला कळलं की छाया तिची बोंडमाळ बनवून विकते आहे. देवाने परीक्षा जरूर घ्यावी, पण निदान श्रावण तरी लागू द्यावा, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग आपल्या नेमात देवही धरलेला आहे हे आठवून तिने दोन्ही कान पकडले.

अल्लीपुरात कापसाची वस्त्रं घरोघरी वळतात. बोटाला दूध लावायचं, कापूस ओढायचा, वळायचा, मध्ये मध्ये कुंकवाचे ठिपके द्यायचे. ही काही कोणा एकीच्या मालकीची गोष्ट नाही. दीपमालाचं मात्र जरा वेगळं झालं. वेचणीच्या दिवसांत एकदा फुटलेल्या बोंडाकडे पाहता पाहता तिला वाटलं, ज्याच्यावर आपल्या अख्ख्या जिल्ह्याचं घर चालतं ते बोंड देवाच्या गळ्यात कधी जातच नाही, जातो तो त्याचा पिंजलेला धागा. म्हणून तिने कापसाच्या फुगीर पाकळ्या, खाली हिरव्या मखमली कागदाचं देठ, आणि दोन बोंडांच्या मध्ये लाल दोऱ्याची गाठ, अशी माळ केली. ती हिंगणघाटला प्रभाकररावांच्या पूजासाहित्याच्या दुकानात टांगली गेली आणि बायका नाव घेऊन मागायला लागल्या.

दीपमालाला त्याचं फार अप्रूप होतं. घरातलं शेत सासऱ्यांच्या नावावर, वरणातली चव सासूबाईंच्या हाताची, लेकरांची नाकं धोट्यांच्या वळणाची. त्या सगळ्या घरात तिच्या डोक्यातून निघालेली अशी वस्तू एकच होती.

म्हणूनच श्रावणासाठी माळांची पिशवी घेऊन ती दुकानात गेली आणि प्रभाकररावांनी हात जोडले, तेव्हा तिला पायरीच दिसेना. त्यांचं म्हणणं साधं होतं. माल भरला होता. तुमच्याच घरून आला की बाई, मंगळवारी छायाबाई देऊन गेल्या, आणि बोंडं जरा टपोरी आहेत. त्यांच्या लेखी धोटे म्हणजे धोटे. कोणत्या धोट्यांच्या कोणत्या सुनेने आणला हे पाहायला ते काही सोयरिक जुळवायला बसले नव्हते.

छाया तिची चुलत जाऊ. दोघींच्या घरांमध्ये एक भिंत, भिंतीत एक खिडकी, आणि त्या खिडकीतून विरजण, कढीपत्ता आणि गावातल्या बातम्या रोज इकडून तिकडे जात. छायाचा हात असा, की एकदा पाहिलेली वस्तू दुपारपर्यंत तिच्या मांडीवर तयार. लग्नातल्या रुखवतापासून लेकराच्या टोपड्यापर्यंत तिने काहीही पाहून केलं होतं. विचारून मात्र कधी काही केलं नव्हतं.

पिशवी तशीच परत आलेली पाहून सासूबाई विमलाबाईंनी विचारलं, काय झालं. दीपमालाच्या ओठांवर सगळं आलं होतं. ती एक घोट पाणी प्यायली.

"छायाचा हात लय साफ आहे, आत्याबाई," ती म्हणाली.

विमलाबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. त्या घरात आजवर छायाचं कौतुक कोणी केलं नव्हतं. तापाशिवाय असं होण्याचं कारण त्यांना दिसेना.

नवऱ्याला, धनंजयला, खरी गोष्ट कळायला दोन दिवस लागले, कारण त्यालाही ती कौतुकातूनच कळली. छाया किती गुणी, तिने बोंडं कशी अगदी माह्यासारखीच केली, दोऱ्याची गाठसुद्धा डावीकडूनच मारली, असं ती सांगत राहिली आणि सांगता सांगता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने त्याच्या मित्राची बहीण काजल हिचा नंबर काढला. काजल वर्ध्याला वकिली करत होती, आणि लोकांची नावं, शिक्के, नक्षी नोंदवून देणं हेच तिचं मुख्य काम होतं.

सून एकटी गेली तर वकिलीणबाईसमोर छायाची आरती करून परत येईल, या भीतीने विमलाबाई सोबत निघाल्या. त्यांनी कसलाही नेम धरला नव्हता.

काजलचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर होतं. पोरगी तरुण, पण ऐकून घेणारी. तिने वही उघडली आणि तक्रार काय आहे ते विचारलं. दीपमालाने हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. काजल लिहीत गेली. बऱ्याच वेळाने तिने पेन खाली ठेवलं.

"काकू, मला समजलं ते सांगते. छायाताई फार चांगल्या आहेत. त्यांची कला फार चांगली आहे. त्यांनी तुमच्यासारखीच माळ केली याचा तुम्हाला आनंद आहे. मग मी नोटीस कोणाला पाठवू?"

"पाठवू नोका," दीपमाला घाबरून म्हणाली. "नोटीस म्हंजे तिले वाईट बोलल्यासारखंच."

"चोरली तिनं," विमलाबाई म्हणाल्या. "घ्या लिहून. नेम हिचा हाय, माहा नाई."

मग काम पुढे सरकलं. काजलने बोंडमाळ हातात घेऊन उलटसुलट पाहिली, छान आहे म्हणाली, आणि अगदी सहज विचारलं, की दुकानात द्यायच्या आधी ही कोणाला दाखवली होती का. दीपमालाने ठामपणे मान हलवली. कोणालाच नाही. फक्त संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने वाण म्हणून बोंडमाळाच लुटल्या होत्या. आलेल्या प्रत्येक सवाष्णीला एकेक. छायाला तर दोन, कारण तिची सासू आजारी होती.

काजलने वही मिटली. मग तिने फार प्रेमाने समजावून सांगितलं. नवी नक्षी, नवा घाट नोंदवायचा तर तो जगाला दाखवायच्या आधी नोंदवावा लागतो. एकदा चार लोकांच्या हातात गेला, की तो कायद्याच्या नजरेत नवा राहत नाही. कोणी दुष्टपणा केला नाही, तरी नाही.

विमलाबाईंना कायदा चटकन पटला. "म्हंजे घरात चोर शिराच्या आधी हिनंच दार उघडून हळदकुंकू लावलं."

परत येताना एसटीत दीपमाला खिडकीबाहेर पाहत राहिली. रडू येत नव्हतं, राग कोणावर करायचा नव्हता, त्यामुळे तिच्याकडे करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बाहेर कपाशीच्या तासांमधून तुरीच्या ओळी जात होत्या, हात दीड हात वाढलेल्या. काजल निघताना म्हणाली होती, पुढचं काही सुचलं तर आधी माझ्याकडे या. घरच्या माणसाला गप्प बसायच्या बोलीवर दाखवलं तर चालतं, पण पब्लिकला नाही. ‘गप्प बसायच्या बोलीवर’ हे शब्द म्हणताना तिने विमलाबाईंकडे पाहिलं होतं.

तुरीला अजून फुलं यायची होती, शेंगा तर दिवाळीनंतर. पण दीपमालाच्या डोळ्यांपुढे त्या सेलू येईस्तोवर लागल्याही.

हो, सेलू, म्हणजे घराच्या नेमक्या उलट दिशेला; कारण विमलाबाईंनी जागेवरून भांडण्याच्या नादात तिला चुकीच्या गाडीत बसवलं होतं. पण ते असो.

घरी आल्यावर तिने ज्वारीच्या धांड्याचा, म्हणजे वाळलेल्या दांड्याचा, बारीक तुकडा घेतला, त्यावर ओला कापूस वळला, जागोजागी दोऱ्याने आवळला आणि धांडा अलगद ओढून घेतला. कापसाची शेंग राहिली, आत दाणे भरल्यासारखी फुगीर. एका बाजूने ती उकलली आणि आत हळदीने रंगवलेले कापसाचे दाणे बसवले. अशा जोडशेंगांची माळ झाली तेव्हा ती माळ हातात धरून ती बराच वेळ देवापुढे बसून राहिली. बोंडमाळेपेक्षा ही चांगली होती. हे तिला स्वतःलाच इतकं स्पष्ट दिसत होतं, की थोडी लाज वाटली.

आता ही लपवायची होती, आणि त्या घरात आजवर कोणी काही लपवलं नव्हतं. तिने भिंतीतली खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी छायाने खिडकीवर टकटक करून विरजण मागितलं. दीपमालाने ते पुढच्या दाराने नेऊन दिलं. खिडकी काऊन बंद, याला ती उत्तर देईना, कारण खोटं बोलणंही तिच्या स्वभावात बसत नव्हतं. आठवडाभरात गावात झालं, की धोट्यांच्या दीपमालाने दार लावून कसलंसं कडक अनुष्ठान धरलं आहे. बायका तिला रस्त्यात वाट देऊ लागल्या. विमलाबाईंचे हाल तर पाहवत नव्हते. इतकी मोठी बातमी पोटात ठेवून त्या देवळात जायच्या, इतर बायकांच्या फालतू बातम्या ऐकायच्या आणि तोंडात साखर धरल्यासारख्या परत यायच्या.

अडचण आली ती फोटोंची. काजलला माळेचे सगळ्या बाजूंनी फोटो हवे होते, पांढऱ्या कागदावर ठेवून. धनंजयने काढून पाठवले. काजलचा फोन आला, की फोटोत हळदीचे ठिपके हवेत तरंगताना दिसतात, माळ कुठे आहे. पांढऱ्यावर पांढरी, दिसणार कशी. तिने काळं कापड सुचवलं. देवाची वस्तू काळ्यावर ठेवायला दीपमाला तयार होईना. निळं घरात नव्हतं, लाल फोटोत भडक दिसत होतं. शेवटी विमलाबाईंनी पेटीतलं जांभळं लुगडं काढून दिलं, पण आपण ते नेसूनच फोटो काढायचा असा हट्ट धरला. त्या हट्टात आणखी दोन दिवस गेले, आणि महालक्ष्म्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

धोट्यांकडच्या महालक्ष्म्या म्हणजे सगळ्या आळीच्या महालक्ष्म्या. ज्येष्ठा-कनिष्ठा बसल्या, की जेवणाच्या दिवशी संध्याकाळी गावातल्या सगळ्या बायका दर्शनाला येतात. आणि दीपमालाचा शिरस्ता असा, की हाताने केलेली नवी वस्तू आधी देवीच्या अंगावर, मग बाजारात. बोंडमाळेच्या वेळी तेवढं राहून गेलं, आणि तिचं काय झालं ते ती पाहतच होती. शेंगमाळ यंदा देवीला घातली नाही, तर पुढच्या वर्षापर्यंत ती विकायला तिचा हात धजला नसता. आणि घातली, तर सगळं गाव पाहणार.

आवाहनाच्या दिवशी तिने काजलला फोन लावला. सगळं तयार आहे, काजल म्हणाली, पण सरकारी साइट सकाळपासून चालत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत होईल. दीपमालाने घुटमळत विचारलं, देवीने पाहिलेलं चालेल का.

काजलने पुस्तकात पाहिलं, की स्वतःच्या मनात, देव जाणे.

"देवी पब्लिकमध्ये येत नाही, काकू," ती शेवटी म्हणाली. "पण हळदीकुंकवाच्या बायका येतात."

म्हणून दुसऱ्या दिवशी दीपमालाने ज्येष्ठेच्या गळ्यात शेंगमाळ घातली, हात जोडले, क्षमा मागितली, आणि तिच्यावरून साडीचा पदर पुढे ओढून पिना लावून टाकल्या. वरून नेहमीची वस्त्रं, फुलांचा हार. कनिष्ठेचा पदर नीट खांद्यावर आणि ज्येष्ठा अशी गारठल्यासारखी गुंडाळलेली.

पहिली आली ती छाया. महालक्ष्म्यांना साडी नेसवण्यात तिचा हात धरणारी गावात कोणी नव्हती, आणि बिघडलेली निरी तिला ताटात केस सापडल्यासारखी खुपायची. ती थेट ज्येष्ठेसमोर गेली.

"अवो बाई, ज्येष्ठेचा गळा सुजला काय? हे काय फुगून राह्यलं इथं?"

आणि दीपमाला स्वयंपाकघरातून पोचेपर्यंत तिने पिना काढून पदर उचललासुद्धा. दीपमालाने तिचं मनगट धरलं. लग्न होऊन आल्यापासून तिने कोणाचं मनगट असं धरलं नव्हतं. छाया माळेकडे पाहत होती आणि तिच्या दुसऱ्या हाताची बोटं आपोआप हलायला लागली होती.

"छाया, ही लुटाची नाई," दीपमाला म्हणाली. "ही माही आहे. म्या सोता शोधली. कागद होऊन राह्यला तिचा. तोवर कोणी पाहू नये."

छायाने तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर आधी काहीच उमटलं नाही, आणि मग हळूहळू सगळं उमटलं. बंद खिडकी, परत आलेली पिशवी, सगळंच.

"अन् बोंडमाळ बी तुमचीच होती," ती म्हणाली. "म्हंजे शिकाले दिली नवती. मले वाटलं, दोन दिल्या त शिक म्हणून दिल्या. येक ठेवाले, येक उसवाले. मंग सांगाचं ना बाई. आषाढापासून तुम्ही माही तारीफच करून राह्यल्या, मले वाटलं खूश हाय."

तेवढ्यात अंगणात बायकांचा गलका आला. पिना खाली कुठेतरी पडल्या होत्या. छायाने पदर झटकन माळेवर ओढला आणि मुठीत धरून ठेवला.

"तुम्ही जा, कुंकू लावा. मी धरतो. पण बाई, अर्धी समजली मले. धांड्यावर वळली ना? अजून येक डाव नजर गेली, त हात ऐकाचा नाई माहा." आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले. देवीकडे पाठ करणं बरं नव्हे, म्हणून ती तशीच कडेला उभी राहिली, पदर छातीशी आवळून, डोळे मिटून, ओठ दाबून.

बायका आत आल्या आणि दारातच थांबल्या. ज्येष्ठेचा पदर हातात घट्ट धरून छाया उभी, अंग थोडं थरथरतं आहे, कारण हात अवघडला होता. कोणीतरी म्हणालं, अंगात आली. मग सगळ्या म्हणाल्या. पाहता पाहता महालक्ष्म्यांना सोडून रांग छायाच्या पायाशी लागली.

"अंगात बिंगात काई नाई आलं," छाया डोळे न उघडता म्हणाली. "मी छाया हाय. माह्या पायाले हात लावू नोका, गुदगुल्या होते."

ती बोलली म्हणून बायका आणखी जोरात पाया पडल्या. देवी अशीच लाजते, एक म्हातारी सगळ्यांना समजावून सांगू लागली. कोणी लेकीचं लग्न विचारलं, कोणी हरवलेली शेळी. छायाने शेळीचं सांगून टाकलं, कारण ती तिने सकाळी स्वतः पाहिली होती, बाजारचौकाच्या मागे. शेळी विचारणारी बाई तशीच पळत गेली, आणि जरा वेळाने शेळीला दोरीने ओढत दारात उभी राहिली. त्यानंतर तर रांग अंगणापर्यंत गेली.

दीपमाला कुंकवाचा करंडा घेऊन मधोमध उभी होती. हे थांबवायला हवं हे तिला कळत होतं. पण पदर सोड म्हणावं तरी कसं? ती मनातल्या मनात ज्येष्ठेला एवढंच म्हणत होती, की तू सगळं पाहतेस, मी काही सांगत नाही.

तेवढ्यात विमलाबाई देवघरातून फोन घेऊन आल्या. काजल होती. अर्ज गेला होता, आजच्या तारखेची पोच आली होती. दीपमाला गर्दीतून वाट काढत छायाजवळ गेली आणि तिच्या कानाशी म्हणाली, "झालं. सोड."

छायाने मूठ सोडली. आखडलेल्या बोटांतून पदर आपला आपण घरंगळला, आणि ज्येष्ठेच्या गळ्यातल्या जोडशेंगा, त्यांतले हळदीचे दाणे, समईच्या उजेडात सगळ्यांना एकदम दिसले.

मग ती म्हातारी गुडघ्यांवर बसली. "पाह्यलं का बाया? मगा काईच नवतं. महालक्ष्मीनं सोता गुंफली. असं माणसाच्या हातून होते का?"

सगळ्यांनी हात जोडले. दीपमालाही जोडणारच होती. हात वर गेलेसुद्धा. अख्खं आयुष्य तिने जे काही चांगलं घडलं ते देवीचंच म्हटलं होतं; भाकरी फुगली तरी. आताही मान खाली घातली असती तर गावभर नाव झालं असतं, माळ घरोघरी पुजली गेली असती, आणि ती कोणाची हे पुन्हा कोणीही कधी विचारलं नसतं. तिने ज्येष्ठेच्या मुखवट्याकडे पाहिलं. तिला वाटलं, देवी वाट पाहते आहे.

"नाई, काकी," दीपमाला म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नाही, म्हणून तिने करंडा खाली ठेवला आणि पुन्हा म्हणाली. "ही देवीनं नाई केली. म्या केली."

"बुद्धी देवीची," म्हातारीने सांभाळून घेतलं.

"हाव, बुद्धी देवीची. माळ माही."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. इतक्या मऊ बाईने देवीच्या तोंडावर असं म्हणावं हे कोणाला पचेना. मग छाया पुढे आली, अवघडलेला हात झाडत. "बाईचीच आहे. म्या कसम घेतो. अन् मले त अजून पुरी समजली बी नाई," ती म्हणाली, आणि छायाला न समजलेली वस्तू गावाने पहिल्यांदाच पाहिली असल्यामुळे सगळ्यांचा विश्वास बसला.

म्हातारी उठली, चष्मा पुसून माळेपाशी गेली, बराच वेळ पाहत राहिली. मग दीपमालाचा हात हातात घेऊन तिची बोटं एकेक करून दाबून पाहिली, वळलेल्या लाडवाच्या आत काय घातलं ते पाहावं तशी.

पंगती बसल्या. आंबील वाढता वाढता छाया दीपमालाशेजारी येऊन थांबली.

"बाई, येक इचारू?" ती म्हणाली. हे इतकं नवीन होतं की दीपमालाच्या हातातली पळी थांबली. "दिवाळीले प्रभाकररावले लय लागतील. तुमच्या येकलीच्यानं होनार नाई. मले करू देसान का? तुमच्याच नावानं?"

दीपमालाने पुढच्या पानावर आंबील वाढली, मग त्याच्या पुढच्या.

"परवा येजो," ती म्हणाली. "खिडकीतून बोलू."